पाहुण्यांच्या वाटणीचं काम

आमच्या वन्संनी आयुष्यात एकदाच कुणाकडे काही मागितलं, आणि तेही परदेशातल्या एका अनोळखी बाईंकडे. माझ्या वहीत त्या दिवशीचं पान आहे. "सकाळचा जप अर्धाच झाला. वन्सं लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात आल्या. म्हणाल्या, पत्र पाठवू की नको? मी म्हटलं, पाठवा, देव बघून घेईल."

मी वही रोज लिहिते. त्यात विशेष काही नसतं. कोण आलं, कुणाचं काय दुखतंय, देवाकडे काय मागितलं, एवढंच. पण वन्संविषयी लिहायचं ठरवलं तेव्हा तेव्हाची अडीच वर्षांची पानं पुढ्यात घेऊन बसले.

वन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. लग्न केलं नाही, आमच्याच घरी राहतात, कॉलेजात भूगोल शिकवतात. निवृत्तीला चार वर्षं होती तेव्हाची ही गोष्ट. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत खडू, टाचण्या, सुईदोरा, डोकेदुखीच्या गोळ्या. गोळ्या स्वतःसाठी नव्हेत. "कुणाला लागतात," म्हणायच्या.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासूबाई नव्हत्या. मैत्रिणी म्हणाल्या, नशीब काढलंस. पण सासूचं काम वन्सं करत होत्या, आणि दुसऱ्याच दिवशी कळलं की सुनेचंही त्याच करतात. मी उठून बघते तो केर काढलेला, पाणी भरलेलं, ह्यांचा डबा बांधून तयार. मी रडवेली होऊन ह्यांना म्हटलं, "मग मी इथे करायचं तरी काय?"

हे म्हणाले, "मी लहानपणापासून हाच विचार करतोय."

हे चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवतात. तेवढं एक काम वन्संना येत नाही, म्हणून ते ह्यांच्या हाती राहिलं, असं आम्ही घरात हसण्यावारी नेतो. पण त्यामागची गोष्ट हसण्यासारखी नाही. वन्सं पंधरा वर्षांच्या असताना सासूबाई अंथरुणाला खिळल्या. सासरे कामासाठी दूर. घरात धाकटी तीन भावंडं. तेव्हा त्यांनी जे सगळं ओढून घेतलं ते पुन्हा कुणाला दिलंच नाही. हाताला सवय लागली ती लागली. मला स्वयंपाकघर मिळालं लग्नाच्या सहाव्या वर्षी, तेही त्यांचा हात मोडला म्हणून.

कॉलेजातही तसंच. कुणाच्या उत्तरपत्रिका तपासायच्या राहिल्या, कुणाचा अहवाल अडला, की सगळं वन्संच्या टेबलावर. इतिहासाचे सर तर उघड म्हणायचे, "बाई, तुम्ही आहात म्हणून आम्हाला संसार आहे." वन्सं हसून गठ्ठा पिशवीत टाकायच्या. त्यांना त्यात अपमान वाटला नाही. मला वाटायचा.

तर त्या वर्षी भूगोलाला पहिल्या वर्षात सहाच मुलं आली. प्राचार्यांनी वन्संना बोलावलं. ते सरळ माणूस, आडपडदा नाही. म्हणाले, "बाई, सहा मुलांसाठी विषय चालवता येत नाही. पण वरून नवीन धोरण आलंय. परदेशातल्या कॉलेजबरोबर मिळून शिकवायचं, ऑनलाइन. विमान नको, व्हिसा नको. दोन वर्षं तसं चालवून दाखवा. मग तिकडच्या कॉलेजचं पत्र आणा, की आम्ही हे पुढेही चालवणार. पत्र आलं तर विषय कायम. नाही आलं तर विषय बंद, आणि तुम्ही प्रवेशाच्या खिडकीवर."

खिडकी म्हणजे तळमजल्यावरची अर्ज घ्यायची जागा. काच, काचेला खाली अर्धगोल भोक, आत पंखा नाही. तीस वर्षं शिकवलेल्या बाईला शेवटी तिथे बसवायचं, हे प्राचार्यांनाही बरं वाटत नसावं. म्हणून तर त्यांनी वाट दाखवली.

वन्संनी कुठल्याशा परिसंवादाच्या यादीतून एका बाईंचं नाव शोधलं आणि ते पत्र लिहिलं. "तुमची मुलं माझ्या मुलांबरोबर शिकतील का?" आठ दिवस त्या जेवताना घास हातात धरून बसायच्या. मीही देवाला रोज साकडं घालत होते, पत्राचं उत्तर येऊ दे. नवव्या दिवशी आलं. तिकडच्या बाईंनी लिहिलं होतं, मी अशाच कुणाची तरी वाट बघत होते.

आता हे शिकणं कसं होतं ते सांगते, कारण मलाही आधी वाटलं होतं की परदेशातल्या बाई पडद्यावर व्याख्यान देणार आणि आमची मुलं वह्यांत उतरवून घेणार. तसं नव्हतं. सहा मुलं इकडची, सहा तिकडची. एक इकडचं, एक तिकडचं, अशा सहा जोड्या. विषय एकच, गरीब माणसाच्या खोलीतली उष्णता आणि ओल. आमच्या मुलांनी आमच्या गावातल्या पत्र्याच्या खोल्यांमध्ये तापमापक टांगायचे, त्यांनी त्यांच्या गावातल्या तळघरांमध्ये. मग जोडीनं एकमेकांचे आकडे बघायचे, भांडायचे, ठरवायचे आणि अर्धा-अर्धा लिहून एकच अहवाल करायचा. गुण दोन्ही बाई मिळून देणार आणि ते दोन्हीकडे पदवीत धरले जाणार. बोलणं तिसऱ्याच भाषेत, ना त्यांच्या ना आमच्या. दोघांचीही सारखीच फजिती.

आमचे सकाळचे सहा वाजतात तेव्हा तिकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ असते. कॉलेजचं फाटक दहाला उघडतं. म्हणून मुलं आमच्या घरी यायची, आठवड्यातून दोनदा. दाराशी सहा जोड चपला, बाहेरच्या खोलीत सतरंजी, स्टुलावर लॅपटॉप. मी आत देवापुढे माळ घेऊन बसायचे, आणि माळेबरोबर बाहेरचं बोलणं कानावर यायचं. हे दाढी करता करता म्हणायचे, "आले का कालचे लोक?"

"कालचे लोक कशाला म्हणतोस रे?" वन्सं म्हणायच्या.

"अगं ताई, तिकडे अजून कालच आहे ना? विचार त्यांना, काल मी माझी छत्री कुठे विसरलो ते."

मुलं खिदळायची. त्यात एक उंचच उंच मुलगी होती. तिला सगळे शिडी म्हणत, आणि तीही स्वतःला तेच म्हणवून घ्यायची. बाप रंगारी, शिडी त्याच्याच धंद्यातली, म्हणून नाव जास्तच चिकटलं असावं. ही मुलगी आधी तोंड उघडायची नाही. वन्सं सांगायच्या, कॉलेजात आल्यापासून तिनं वर्गात एक प्रश्न विचारला नव्हता. तिच्या जोडीला तिकडचा एक मुलगा आला. डोक्यावर सदा लोकरीची टोपी, घरातसुद्धा. आम्ही त्याला टोपीवाला म्हणायला लागलो.

पहिल्याच महिन्यात या टोपीवाल्यानं शिडीला विचारलं, "तू तापमापक कुठे टांगलास?"

"भिंतीला. माझ्या डोळ्यांसमोर येईल असा."

"पण त्या खोलीतली म्हातारी दिवसभर कुठे असते?"

"खाली. चटईवर पडून."

"आणि मूल?"

"माळ्यावर झोपतं."

"मग तू कुणाची उष्णता मोजतेस?"

हे बोलणं मला नंतर आपल्या भाषेत सांगून वन्सं म्हणाल्या, "अगं वहिनी, तीस वर्षं मी मुलांना तापमापक भिंतीला टांगायला शिकवतेय. पुस्तकात लिहिलंय तेवढ्या उंचीवर. आणि लोकरीची टोपी घातलेलं एक पोर मला विचारतं, कुणाची उष्णता!" त्यांचा चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. त्या आठवड्यात सगळ्या खोल्यांमध्ये दोन-दोन तापमापक लागले, एक चटईशी, एक माळ्यावर. आकडे इतके वेगळे आले की मुलांनी आधीची वही फाडून टाकली. शिडीनं उलट त्याला विचारलं, "तुमच्या तळघरात ओल मोजता, पण तिथे राहणारे कपडे कुठे वाळवतात?" त्याला माहीत नव्हतं. तो जाऊन विचारून आला. खोलीतच दोरीवर. अर्धी ओल त्या कपड्यांची निघाली. तिकडच्या बाईंनी हा प्रश्न म्हणे त्यांच्या फळ्यावर लिहून ठेवला, खाली शिडीचं नाव घालून.

मुलांनी माझ्या स्वयंपाकघरातही तापमापक लावला. दुपारी एक वाजता ओट्यापाशी एक्केचाळीस. हे म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं हिचं डोकं तापायचं, त्यात चूक हवामानाची होती. मी उगाच हिच्या माहेराला दोष देत होतो."

शिडी बोलायला लागली. चुकत, अडखळत, हातवारे करत. पण बोलायला लागली. एकदा तर वन्संनाच म्हणाली, "बाई, मला तसं वाटत नाही." वन्सं घरभर ते सांगत फिरल्या, नातवंडाचा पहिला शब्द सांगावा तशा. खरं सांगते, आमच्यासारख्यांच्या मुलांना बाहेरचं जग कोण दाखवणार? या शिक्षणानं ते घरात, सतरंजीवर आणून ठेवलं होतं. जगाच्या दुसऱ्या टोकाच्या पोरालाही आपल्यासारखीच अडचण असते, आणि त्याला आपला प्रश्न उपयोगी पडतो, हे कळल्यावर मुलांच्या माना वर झाल्या. पहिल्या वर्षाच्या शेवटच्या पानावर मी लिहिलंय, "देवा, हे असंच चालू दे. दुसरं काही मागत नाही."

दुसऱ्या वर्षी तिकडच्या मुलांच्या अडचणी सुरू झाल्या. ती मुलं शिकता शिकता कामं करतात, कुणी दुकानात, कुणी गोदामात. अर्धा भाग वेळेवर यायचा नाही. टोपीवाल्याची आई आजारी पडली. तो पडद्यावर यायचा, पण डोळे सुजलेले, वही कोरी. आकडे पाठवायचा, लिहायचा काही नाही.

एका सकाळी मी चहा घेऊन गेले तेव्हा शिडी वन्संना म्हणत होती, "बाई, त्याचा भाग आलाच नाही. परवा द्यायचाय. त्याला विचारू का?"

वन्सं म्हणाल्या, "आई आजारी आहे त्याची. कसलं विचारतेस? ते आपले पाहुणे आहेत. पाहुण्याला ताट उचलायला सांगतो का आपण?"

"मग?"

"आकडे आहेत ना त्याचे? तूच लिही. त्याला अवघडल्यासारखं वाटेल असं काही बोलू नकोस. मी नजर टाकते."

शिडीनं लिहिलं. त्याच्या तळघराविषयी, त्याच्या गल्लीविषयी, कधी न पाहिलेल्या. वन्संनी नजर टाकली, म्हणजे अर्धं पुन्हा लिहिलं. वर नाव टोपीवाल्याचं. हे बघून बाकीच्या पाच जणांनीही तेच धरलं. कुणी सांगायलाही लागलं नाही. दोन महिन्यांत तिकडच्यांच्या वाटणीचं सगळं काम इकडे होऊ लागलं, आणि आमच्या मुलांना वाटत होतं की आपण फार चांगले वागतोय. मला तरी वेगळं कुठे वाटत होतं? फक्त एकदा मी भाजी निवडताना म्हटलं, "वन्सं, त्याच्या नावावर हिनं लिहिलेलं चालतं का?"

"अगं, कामाशी मतलब. झालं की नाही?"

मी पुन्हा भाजीला लागले. या घरात काम झालं की नाही एवढंच विचारायची पद्धत. कुणी केलं, हे विचारायची नाही.

मुलं भांडेनाशी झाली होती, हे मला आता वही वाचताना दिसतं. आधीच्या पानांवर "आज फार आवाज", "आज शिडी चिडली", असं आहे. नंतरच्या पानांवर, "आज लवकर आटोपलं."

वर्षाच्या शेवटी दोन्ही बाई आणि सगळी मुलं एकत्र बसली. पत्र याच बैठकीनंतर मिळायचं होतं. वन्संनी इस्त्रीचे कपडे घातले होते. मी दारात उभी होते. तिकडच्या बाई बारीक चणीच्या, पांढऱ्या केसांच्या, बोलताना पुढे वाकणाऱ्या. त्यांनी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, तुमचं आणि तुमच्या जोडीदाराचं कुठे पटलं नाही ते सांगा.

आमची मुलं एकापाठोपाठ एक म्हणाली, सगळं पटलं. काही वाद झाला नाही. अगदी अभिमानानं म्हणाली. वन्सं मान डोलावत होत्या.

मग टोपीवाल्याची पाळी आली. त्यानं टोपी काढली. मी त्याचे केस पहिल्यांदाच पाहिले. तो हळूहळू काहीतरी बोलला. भाषा मला कळली नाही, पण शिडीचा चेहरा बघता बघता उतरला. मी शेजारच्या मुलाला खुणेनं विचारलं, काय म्हणतोय?

तो कुजबुजला, "काकू, तो म्हणतोय, माझ्या नावावर जे आहे ते मी लिहिलेलं नाही. मला तयार मिळत गेलं. आधी बरं वाटलं. मग मला काही विचारेनासेच झाले. म्हणतोय, ते सगळं माझ्याशिवायच चाललं होतं. मी नसतो तरी चाललं असतं."

तिकडच्या बाईंनी त्यांच्याकडच्या बाकीच्या पाच जणांना विचारलं. पाचही जणांनी माना खाली घातल्या.

बैठक संपल्यावर वन्संनी सतरंजी झटकली, कप उचलले, धुतले. मी म्हटलं, "राहू द्या, मी धुते." त्यांना ऐकूच गेलं नाही.

मी देवाला महिनाभर साकडं घालत होते, पत्र येऊ दे. पत्र आलं. कसलं येऊ दे, ते सांगायचं राहिलं होतं.

वन्संनी ते मला आणि ह्यांना वाचून दाखवलं, एकेक वाक्य आपल्या भाषेत सांगत. बाईंनी फार सभ्यपणे लिहिलं होतं. तुमच्या मुलांनी माणुसकीनं केलं हे मला समजतं. पण आमच्या कॉलेजच्या नियमात दुसऱ्यानं लिहिलेलं आपल्या नावावर देणं हा गुन्हा आहे. माझ्या सहाही विद्यार्थ्यांचं वर्ष रद्द झालं आहे, आणि तुमच्या सहांचे या विषयातले गुणही धरता येणार नाहीत. टोपीवाल्यानं खरं सांगितलं तरी त्याला सूट मिळाली नाही, त्यालाही वर्ष पुन्हा करावं लागेल.

वन्संनी इथे कागद मांडीवर ठेवला. हे म्हणाले, "ताई, पुढचं वाच."

पुढे असं होतं. तिसऱ्या वर्षासाठी मी आता सही करू शकत नाही. पण मला हे सोडायचंही नाही, कारण पहिल्या वर्षी जे घडलं ते मी माझ्या नोकरीत कुठे पाहिलं नव्हतं. मला कळवा, यात मी काय करावं असं तुम्हाला वाटतं. माझ्याकडून तुम्हाला काय हवं आहे?

हे खुर्चीवरून उठलेच. "म्हणजे दार उघडं आहे! ताई, लिही, चुकलो, आता तुम्ही हे-हे करा, आम्ही हे-हे करतो. दोन ओळींचं काम."

"लिहिते," वन्सं म्हणाल्या.

त्या चार दिवस लिहीत होत्या. कॉलेजला रजा टाकली. जेवण ताटात निवलं. पाचव्या दिवशी त्यांनी मला कागद दाखवले, चौदा पानं. तिसऱ्या वर्षाचं पूर्ण वेळापत्रक, आठवड्यावार. आमच्या मुलांचे नियम. तिकडच्या मुलांचे नियम. तिकडच्या बाईंनी त्यांच्या प्राचार्यांना द्यायचा अर्ज, तयार, नुसती सही करायची. त्यांच्या मुलांसाठी सूचनापत्र, तेही तयार. त्यांनी घ्यायच्या परीक्षेचे प्रश्नसुद्धा. शेवटी लिहिलं होतं, तुम्हाला कसलाही त्रास होऊ देणार नाही. तुम्ही काही करायची गरज नाही.

मला परकी भाषा येत नाही, पण वन्संनी बोट ठेवून सगळं समजावलं, लहान मूल चित्र दाखवतं तसं. त्या बाईंनी विचारलं होतं, मी काय करू. आणि वन्संनी उत्तर दिलं होतं, काही नको.

मी तसं सरळ म्हणू शकले असते. एवढी वर्षं एका घरात काढली, तेवढा हक्क होता. पण म्हटलं एवढंच, "वन्सं, बाईंच्या वाटणीचं थोडं त्यांच्यासाठी ठेवलं असतं तर?"

खरंच कळलं नव्हतं त्यांना. "अगं, त्यांना कशाला त्रास? आधीच आपल्यामुळे मनस्ताप झालाय. मागायचं तरी कुठल्या तोंडानं?"

आणि पाठवलं.

उत्तर दोन ओळींचं आलं. आपण फार कष्ट घेतले आहेत. पण यात माझ्यासाठी जागा दिसत नाही, म्हणून मी थांबते.

वन्सं ते उत्तर पुन्हा पुन्हा वाचत होत्या. "जागा नाही म्हणजे काय? सगळीकडे त्यांचं नाव घातलंय मी. बघ ना, प्रत्येक पानावर आहे." हे उठून बाहेर गेले. ज्या बाईनं पंधराव्या वर्षापासून दुसऱ्याच्या हातचं ओझं काढून घेणं हीच माया मानली, तिला कुठल्या शब्दांत सांगायचं की रिकाम्या हातांचा माणूस निघून जातो?

विषय बंद झाला. प्राचार्यांनी शब्द पाळला. नकाशांची कपाटं वाणिज्य शाखेला गेली. वन्सं खिडकीवर बसायला लागल्या. तिथेही चार दिवसांत मुलांचे अर्ज त्याच भरून द्यायला लागल्या, रांग लांब झाली, आणि वरून लेखी ताकीद आली की अर्ज अर्जदारानेच भरायचा. ताकीद त्यांनी घरी आणून कपाटात ठेवली. घरी काही बोलत नाहीत. पूर्वी मुलांच्या गोष्टी सांगायच्या. आता जेवण झालं की घरच्या खिडकीशी बसतात आणि शिवलेलंच पुन्हा शिवतात.

मी देवापुढे बसते, पण मागू काय? विषय गेला तो गेला. इकडच्या सहांचे गुण आणि तिकडच्या सहांचं वर्ष गेलं तेही गेलं. मागितलं तर कुणासाठी, आणि कोणत्या तोंडानं, हे वन्संचंच वाक्य आता माझ्या तोंडी येतं.

गेल्या आठवड्यात ह्यांच्या दुकानाजवळच्या कापडदुकानात शिडी दिसली. गठ्ठे वरच्या फळीवर चढवत होती, उंचीचा उपयोग होत होता. मला बघून खाली आली. पाया पडायला वाकली, मी अडवलं. गुण कमी भरल्यामुळे दुसऱ्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला तिला प्रवेश मिळाला नव्हता. वन्संनी अर्ज छान लिहून दिला होता, म्हणाली. तरी नाही मिळाला.

"आणि तो?" मी विचारलं. "टोपीवाला?"

ती कापडाची घडी नीट करत राहिली. मग म्हणाली, "मी त्याला पत्र लिहिलं होतं, काकू. माफी मागायला. आईची चौकशी करायला. मोडकंतोडकं लिहिलं होतं. पाठवायच्या आधी बाईंना दाखवलं."

मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"बाई म्हणाल्या, थांब, नीट करून देते. फार सुंदर करून दिलं. मला तसं लिहिता आलंच नसतं. मी तेच पाठवलं."

"मग? आलं उत्तर?"

"एक ओळ आली. हे तू लिहिलेलं नाहीस." तिनं घडी फळीवर ठेवली. "त्यानंतर मी पुन्हा लिहिलं, खरंच मीच लिहिलं. पण आता तो उघडत नाही."

आतून मालकानं हाक मारली. ती गेली.

घरी आले तर वन्संनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि विचारलं, "कोण भेटलं का वाटेत?"

मी म्हटलं, "कुणी नाही."

वहीतही त्या दिवशी मी तसंच लिहिलं.